सामान खाली, लतिका वर

लतिका तामोरे बोंडारपाड्याच्या धबधब्यावर अकरा वेळा जाऊन आली होती आणि तिने तो एकदाही पाहिला नव्हता.

ऐकणाऱ्याला ही थाप वाटेल. पण अशी बाई शोधायला लांब जायला नको. कुठल्याही घरातला सहलीचा फोटो काढा आणि माणसं मोजा. एक बाई कमी भरते. फोटो काढत असेल म्हणाल, तर तेही नाही. ती खाली कुठल्या तरी झाडाखाली बसलेली असते आणि तिच्याभोवती सगळ्यांच्या चपला असतात.

बोंडारपाडा तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. डांबरी रस्ता संपतो तिथे वनखात्याची कमान आहे. कमानीपाशी गाड्या लावायच्या आणि दहा मिनिटं चाललं की एक जुना आंबा लागतो. आंब्याखाली वाघ्या आहे. वाघ्या म्हणजे वारल्यांचा वाघदेव: कमरेएवढा उभा दगड, त्यावर कोरलेले चंद्र, सूर्य आणि वाघ, वरून शेंदूर. त्याच्यापुढे पायताण घालून जायचं नाही, ही पाड्याची रीत. शहरातली माणसंही ती पाळतात. थोडी देवाच्या धाकाने, आणि पुढच्या वाटेवर दोनदा गुडघाभर पाण्यातून जावं लागतं म्हणून जास्त. मग चपला इथे, कोरडे कपडे इथे, डबे इथे, मोबाईल इथे. आणि एवढं सगळं उघड्यावर टाकून जायचं कसं? कुणीतरी बसायला हवं.

ते कुणीतरी म्हणजे लतिका.

पहिल्यांदा ती आली एकोणीसशे एकोणनव्वदच्या श्रावणात. लग्नाला चार महिने झाले होते. सासू, दोन नणंदा, त्यांची पोरं, कुणाकडून तरी मागून आणलेली जीप. आंब्याखाली आल्यावर सासू म्हणाली, "नवी सून बसेल. तिला काय पोरींसारखं बागडायचंय?" बावीस वर्षांच्या लतिकेला अगदी तेच करायचं होतं, पण चार महिन्यांची सून असं बोलत नाही. ती बसली. पुढच्या वर्षी तिला सहावा महिना होता, बसली. त्याच्या पुढच्या वेळी दर्शन मांडीवर होता. मग दर्शन धावायला लागला, पण तोवर सासूचे पाय गेले होते आणि तिच्या सोबतीला कुणीतरी हवं होतं. सासूही गेली. त्यानंतर कुणी विचारलंच नाही. सगळे आपापल्या चपला काढून तिच्यापुढे ठेवायचे आणि चालू लागायचे. एकदा कुणाच्या तरी सोयीसाठी केलेली गोष्ट पुढे बाईचा स्वभाव म्हणून खपवली जाते. "आईला बसायलाच आवडतं," असं दर्शन आपल्या बायकोला सांगायचा, आणि बिचाऱ्याला ते खरंच वाटायचं.

तशी राखण तिच्या पाचवीलाच पुजलेली. ती चिंचणीची, मांगेल्यांची पोर. बाप होडीवर, आई बोंबील सुकवून विकणारी. किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्यांवर बोंबलांच्या रांगा टांगलेल्या असत आणि सात वर्षांची लतिका हातात काठी घेऊन त्यांच्याखाली बसलेली असे. कावळे हाकायचे, कुत्री हाकायची, ऊन खायचं. भाऊ समोर भरतीच्या पाण्यात उड्या मारत. पण एक सांगायला हवं: आई टोपली घेऊन बाजाराला गेली रे गेली की ही काठी टाकून खडकांवर पळायची. शेवाळलेल्या खडकांवर अनवाणी पायांनी, हातात कोयती, कालवं फोडत. त्या तासाभरात कावळ्यांनी जे खाल्लं ते खाल्लं. संध्याकाळी मार बसायचा आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जायची.

ती पोर लग्नानंतर कुठे गेली, हे लतिकेलाही सांगता आलं नसतं.

नवरा मिळाला रेल्वेतला. सूर्यकांत मालगाडीवर गार्ड होता. गार्ड तो आणि राखण करायची हिने, हे त्या घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, पत्ते नाहीत, पगार झाला की पाकीट तिच्या हातात. पण घर त्याने वेळापत्रकावर चालवलं. सहाला चहा, आठला नाश्ता, रविवारी दोन वाजता केस कापणं. निवृत्त झाला तेव्हा झेंडे आणि दिवा परत केला, आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून स्वतःच्या पैशाने शिट्टी विकत आणली. सहलीला शिट्टी त्याच्या गळ्यात असायचीच, आधी रेल्वेची, आता ही. दोन छोट्या शिट्ट्या म्हणजे निघा, एक लांब म्हणजे परत फिरा. नणंदांची पोरं लहानपणी हसायची. मोठी झाल्यावर सहलीला यायचीच बंद झाली.

यंदा ऑगस्टमधल्या एका रविवारी निघाले ते पाचजण: सूर्यकांत, लतिका, दर्शन, त्याची बायको दक्षा आणि त्यांची दहा वर्षांची श्रुतिका. गाडी दर्शनची. विवळवेढ्याला सगळ्यांनी गाडीतूनच महालक्ष्मीला हात जोडले. तलासरीचा नाका मागे पडला आणि डोंगर दिसायला लागले, तशी श्रुतिका आजीच्या मांडीवर कोपर टेकून म्हणाली, "आजी, धबधबा केवढा आहे? आपल्या बिल्डिंगएवढा?"

लतिका समोरच्या डोंगराकडे बघायला लागली.

"आजीला काय विचारतेस?" पुढच्या सीटवरून मान न वळवता सूर्यकांत म्हणाला. "ती खालीच असते. मला विचार."

दर्शन हसला. सवयीने लतिकाही थोडं हसली.

"खाली का?" श्रुतिकेने विचारलं.

"सामान असतं ना, बाळा," दक्षा म्हणाली.

"म्हणजे आजी सामान बघायला येते?"

"असं नसतं गं," सूर्यकांत म्हणाला. "प्रत्येकाची ड्युटी असते. आणि आजीचे गुडघे आता कुठे चालणार वर? अजून दोन-तीन वर्षं ती बसेल, मग तुझी मम्मी आहेच."

लतिकेने दक्षाकडे पाहिलं. दक्षा खिडकीबाहेर बघत होती आणि तिचा चेहरा उतरला होता. तो चेहरा लतिकेच्या चांगल्या ओळखीचा होता. आंब्याखालच्या पहिल्या दिवशी तो तिचाच होता. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. गुडघे म्हणे! डहाणूच्या त्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर दिवसातून चारदा भाजी, दूध, दळण घेऊन कोण चढत होतं? तेव्हा नाही कुणाला गुडघे आठवले. पण गाडीत बोलून काय होणार होतं?

आंब्याखाली पोचल्यावर नेहमीचा सोहळा झाला. चपला आल्या. कपड्यांच्या दोन पिशव्या आल्या, डब्यांची एक, पाण्याच्या बाटल्या, छत्र्या. दर्शनने गाडीची चावी आणि सगळ्यांचे मोबाईल एका पाऊचमध्ये घालून ते पाऊच कपड्यांच्या पिशवीत तळाशी दडवलं. "आई, ही पिशवी सोडू नकोस हं, सगळा जीव यात आहे," तो म्हणाला. सूर्यकांतने घड्याळ बघितलं. "बारा दहा. दीडला खाली. जेवण इथेच." दोन छोट्या शिट्ट्या वाजल्या आणि चौघं वळणाआड गेली. वळताना श्रुतिकेने एकदा मागे बघितलं.

लतिका दगडावर टेकली. इथून पाण्याचा आवाज यायचा. छत्तीस वर्षं तिने तो आवाज ऐकला होता आणि त्यावरून मनात एक धबधबा रचला होता.

दहा पावलांवर जिवली कणसं भाजत होती. पन्नाशीची वारली बाई, पाड्यातलीच, घरची भाताची शेती. पावसाळ्यात तीन दगडांची चूल मांडून इथे बसते. गेली तीन वर्षं दोघींची ओळख होती, म्हणजे लतिका कणीस घ्यायची आणि दोघी पावसाबद्दल बोलायच्या. आज जिवलीने निखाऱ्यांवर राख ओढली, कणसांच्या टोपलीवर सागाचं एक मोठं पान पसरलं, पानावर एक धोंडा ठेवला आणि काठी घेऊन उठली.

"कुठे चाललीस?" लतिकेने विचारलं.

"वरती. शेल्या धबधब्याचे अंगाला गेल्या, त्या वळवाया."

"आणि ही कणसं अशीच टाकून?"

"पान ठेवला ना," जिवली म्हणाली. मग समोरच्या बाईला कळलेलं नाही हे बघून तिने लहान पोराला सांगावं तसं सांगितलं, "पान ठेवला, वर धोंडा ठेवला, का झाला. याचा धनी हाय, तो येल माघारी, असा समजतांत. कोन हात नाय लावं. आन वाघ्यापुढं तं नायच नाय."

"कधीच काही गेलं नाही?"

"माजी सासू लाकडाची मोली ठेवून लगनाला गेली. आठ दिसांनी आली. मोली तठंच."

लतिका तिच्याकडे बघत राहिली. "मग मी इथे कशाला बसते गं?"

जिवलीलाही हा प्रश्न नवा असावा. तिने लतिकेच्या पायांकडे बघितलं आणि जरा ओशाळून म्हणाली, "मना वाटला, तुजं पाय गेलं हायत."

लतिकेला हसू फुटलं. पोट धरून हसली ती, आणि हसता हसता तिला रडू आलं, आणि रडता रडता राग. भयंकर राग. छत्तीस वर्षं! जिपा आल्या, गाड्या आल्या, शिकलेली माणसं आली, वेळापत्रकं आली, आणि त्यांतल्या एकालाही पाड्यातल्या माणसाला विचारावंसं वाटलं नाही, की बाबा रे, इथे चोरी होते का? ज्यांच्या रानात आपण चपला काढतो, त्यांना चोर धरून चालायचं आणि घरच्या बाईला पहारेकरी बसवायचं. आणि ती बाईही अशी शहाणी, की तिनेही कधी विचारलं नाही. तो राग तिला स्वतःचाही आला.

भीती नव्हती असं नाही. ती म्हणाली, "तुमची माणसं नाही नेणार. पण मुंबईहून येतात ती?"

"ती आपलाच सामान राखीत बसतांत," जिवली म्हणाली. "येतांस?"

लतिका उठली. पिशव्या एकत्र केल्या, त्यांवर प्लॅस्टिकचा कागद टाकला, चपलांचे जोड कडेने लावले. जिवलीने सागाचं पान तोडून दिलं. ते तिने स्वतःच्या हाताने पसरलं आणि उचलवेल तेवढा मोठा धोंडा वर ठेवला. गाडीची चावी, चार मोबाईल, दर्शनचा सगळा जीव, असं सगळं त्या एका पानाखाली. मग तिने वाघ्याला नमस्कार केला, आपल्याही चपला रांगेत लावल्या, साडीचा काष्टा मारला, चिंचणीच्या बायका घट्ट मारतात तसा, आणि जिवलीच्या मागून निघाली.

पहिलं पाणी लागलं तेव्हा जिवलीने हात पुढे केला. लतिकेने तो घेतला नाही. तळपाय दगडावर टेकला आणि बोटं आपोआप दाबली गेली, कुठे शेवाळ आहे, कुठे नाही, ते पायाला डोक्याआधी कळलं. चाळीस वर्षं झाली असतील खडकांवर कालवं फोडून, पण पाय काही विसरले नव्हते. दुसऱ्या पाण्यात ती जिवलीच्या पुढे होती. उजवा गुडघा दुखत होता. खोटं कशाला बोलायचं, चांगलाच दुखत होता. "दुख मेल्या," ती त्याला म्हणाली आणि चढत राहिली. मागून जिवली हसत म्हणाली, "तुजं पाय तं बरं हायत बाय!" शेवटच्या चढावर ती डावीकडे शेळ्यांच्या वाटेला लागली आणि लतिकेला तिने काठीने उजवीकडचं वळण दाखवलं.

लतिका वळली आणि थांबली.

आपल्या मनातला धबधबा तिला त्या क्षणी विसरायला झाला. तिने रचलेला धबधबा सरळ होता, कॅलेंडरवर असतो तसा. हा सरळ नव्हता. काळ्या कातळावरून तो तीन ठिकाणी मोडत खाली येत होता, मध्येच एका कपारीत शिरून दिसेनासा होत होता आणि बाहेर पडताना दुप्पट रुंद होत होता. कपारीत कुठलं तरी पिवळं फूल होतं, ते सारखं हलत होतं. पाणी डोहात पडत होतं तिथून गार वारा सुटला होता आणि तो थेट तिच्या तोंडावर येत होता. दगडातून पायांना थरथर जाणवत होती. आवाजावरून हे काही कळण्यासारखं नव्हतं.

तो धबधबा जेमतेम असता, तर लतिकेने सगळ्यांना माफ केलं असतं. घरी जाऊन म्हणाली असती, काही विशेष नाही हो, उगाच हाकाटी. पण तो इतका सुंदर होता की तिचा संताप झाला. यांनी हे पाहिलं होतं. दर वेळी पाहिलं होतं, आणि ओल्या केसांनी खाली येऊन, डबे उघडून, तिला इतकंच सांगितलं होतं, "मस्त होतं पाणी. चटणी दे."

डोहाच्या कडेला सूर्यकांत हाफ पँटमध्ये उभा होता. त्याने तिला पाहिलं. चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, आणि क्षणभर, अगदी क्षणभर, आनंद झाल्यासारखंही वाटलं. मग तो ओरडला, "सामान?"

छत्तीस वर्षांनी बायको पहिल्यांदा वर आली आणि हा त्याचा पहिला शब्द.

"सामान खाली आहे," लतिका म्हणाली. पाण्याच्या आवाजात तिला ओरडावं लागलं. "मी वर आहे."

"खाली म्हणजे? कुणाजवळ?"

"वाघ्याजवळ."

दर्शन पाण्यातून धडपडत आला. "आई, वेड लागलंय का? गाडीची चावी आहे त्यात! सगळ्यांचे मोबाईल आहेत!"

"माहीत आहे. मीच झाकून ठेवलेत. वर सागाचं पान ठेवलंय आणि पानावर धोंडा. इथे कुणी हात लावत नाही. जिवलीला विचार."

"पान?" सूर्यकांत म्हणाला. "पान ठेवून आलीस? लतिका, हे काय चाललंय? तू आत्ताच्या आत्ता खाली जा. बाकीचं घरी बोलू."

"नाही."

तसं ती आयुष्यात पुष्कळदा नाही म्हणाली होती. जास्त भात नको, नवी साडी नको, डॉक्टर नको. स्वतःला काही हवं म्हणून नाही म्हणण्याची ही पहिली वेळ होती आणि तो शब्द तिला तोंडात चांगला लागला. तिने तो पुन्हा म्हटला. "नाही जाणार. ज्याला सामानाची काळजी आहे त्याने जावं. मी धबधबा बघायला आले आहे."

माणसाला सुचेनासं झालं की तो सवयीवर जातो. सूर्यकांतने शिट्टी तोंडात धरली आणि गाल फुगवून एक लांब शिट्टी मारली. गाल फुगलेले दिसले, मान लाल झालेली दिसली, पण ऐकू काहीच आलं नाही. डोहात डुंबताना शिट्टीत पाणी शिरलं होतं, आणि मागे एवढं पाणी कोसळत होतं. त्याने पुन्हा मारली. श्रुतिका खुदकन हसली आणि दक्षाने तिचं तोंड दाबलं, पण दक्षाचे स्वतःचे खांदे हलत होते.

"मी जातो, पप्पा," दर्शन म्हणाला.

"तू राहू दे. तुला काय कळतंय?" सूर्यकांत म्हणाला. त्याने टॉवेल खांद्यावर टाकला. लतिकेच्या शेजारून जाताना तो थांबला. ती बाजूला होईल, निदान मान खाली घालील, असं त्याला वाटलं असेल. तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि ती वाटेतून तेवढी सरकली जेवढी एका माणसाला जायला लागते. तो उतरून गेला.

मग लतिका पाण्यात शिरली. साडीसकट. दक्षा म्हणाली, "आई, कपडे?" ती म्हणाली, "वाळतील." डोहाच्या कडेच्या सपाट दगडावर ती कमरेएवढ्या पाण्यात बसली आणि श्रुतिका तिला चिकटून बसली. पाठीवर तुषार येत होते. गुडघ्याला गार पाणी लागलं आणि तो दुखायचा थांबला. सामानाचा विचार दोन-तीनदा आला, पाऊचचा आला, आणि खरंच गेलं असेल तर घरी जे रामायण होईल त्याचाही आला. होऊ दे, असं तिने ठरवलं. मोबाईल दुकानात मिळतात. जरा वेळाने दर्शनही येऊन शेजारी बसला.

"आई, तुला आवडतं असंच वाटायचं मला," तो म्हणाला. "बसायला."

"तू कधी विचारलंस?"

त्याने ओंजळभर पाणी घेऊन तोंडावर मारलं.

दक्षा पलीकडून सरकत जवळ आली. "पुढच्या वेळी मी बसते, आई," ती म्हणाली. चांगल्या मनाने म्हणाली, पण ते ऐकून लतिका अशी उसळली की श्रुतिका दचकली.

"कुणी बसायचं नाही! तू नाही, ही नाही. पान ठेवायचं आणि वर यायचं. आणि नाही पटत त्यांनी घरी बसावं, टीव्ही बघत."

आई एवढ्या मोठ्याने बोलू शकते हे दर्शनला पस्तिसाव्या वर्षी कळलं. मग त्यांनी पाणी बघितलं. श्रुतिकेने आजीला कपारीतलं पिवळं फूल दाखवलं, आणि आजीने ते आपण आधीच पाहिल्याचं सांगितलं. दीड वाजून गेला असावा, घड्याळ कुणाकडेच नव्हतं. लतिका पुरेसं झालं असं वाटेपर्यंत बसली, आणि पुरेसं झालं असं तिला लवकर वाटलं नाही. बाकीचे तिच्यासाठी थांबले.

उतरताना श्रुतिकेचा हात तिच्या हातात होता. कुठे पाय ठेवायचा ते ती नातीला सांगत होती. वाटेत जिवली शेळ्या घेऊन भेटली, तिने लतिकेच्या ओल्या साडीकडे बघून फक्त "हां" म्हटलं आणि पुढे झाली.

आंब्याखाली सूर्यकांत बसला होता. लतिका बसायची त्याच दगडावर, चपलांच्या मधोमध. सामान जिथल्या तिथे होतं. एक बाटलीसुद्धा हललेली नव्हती. सागाचं पान मात्र त्याने काढून टाकलेलं, ते बाजूला चिखलात पडलं होतं. चौघांना बघून तो ताडकन उठला. चेहरा लालबुंद होता, दंडावर डासांनी फोड आणले होते.

"सव्वा तास!" तो म्हणाला. "सव्वा तास मी एकटा बसलोय इथे! ना बोलायला माणूस, ना मोबाईलला रेंज. पाय मोकळे करावेत तर सामान सोडता येत नाही. तुम्ही वर पाण्यात मजा करताय. आणि मी इथे चपला मोजतोय! माणसाने करायचं काय इथे बसून? कसं वाटतं, कळतं का तुला, लतिका?"

चुलीतली राख उकरणारी जिवलीची काठी थांबली. दर्शनने खाली बघितलं. दक्षाने श्रुतिकेला जवळ ओढलं.

"कळतं," लतिका म्हणाली.

सूर्यकांतने खालच्या दगडाकडे बघितलं, मग चपलांकडे, मग तिच्याकडे. लतिकेला त्याची दया आली, पण दया आली म्हणून ती एक पाऊलही मागे सरली नाही. तिने आपल्या चपला शोधून पायात घातल्या. स्वतःच्या कोरड्या कपड्यांची पिशवी उचलली आणि कमानीच्या दिशेने चालू लागली. बाकीचं सामान ज्याचं त्याने उचललं.